हौशीचा कॅमेरा

यंदा पाव्हणे आले तेव्हा मी त्यांना बघायला गेलो नाही. कोपरखैरण्याच्या बाजारात मेथी घेत होतो. शेजारी दोघं बोलत होते, नेरूळची खाडी गुलाबी झालीय म्हणून. मी जुडी उलटून बघितली, किडकी होती, तरी घेतली आणि घरी आलो. पाव्हणे आले हे घरी कुणाला सांगणार? मेथी निवडत बसलो. अर्धी टाकूनच द्यावी लागली.

पाव्हणे म्हणजे ते फ्लेमिंगो. हे नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसायचं नाही, फ्लेमिंग म्हणायची आणि स्वतःच हसायची. थंडीत येतात, उन्हाळाभर खातात-पितात, पाऊस तोंडावर आला की न सांगता उठून जातात, मग पाव्हणेच की, असं तिचं म्हणणं. गेल्या वर्षी एक अख्खा हंगाम आम्ही दोघं त्यांच्या मागं होतो. वैशाखात ती गेली. पाव्हणे तेव्हा अजून खाडीतच होते.

हे लिहायला बसलोय ते वरच्या मजल्यावरच्या कांबळे मॅडममुळं. मूळच्या नांदेडकडच्या, बँकेत आहेत, रिटायरमेंटला आल्यात. पुढं करायचं काय म्हणून फोटो काढायला शिकणार आहेत. डिसेंबरात त्यांनी मला जिन्यात गाठलं. दादा, तुमच्याकडं तो काचा बदलता येणारा लहान कॅमेरा आहे ना, नवशिक्यानं घ्यावा का, चांगलं काय वाईट काय ते दोन ओळीत लिहून द्या, तोंडी सांगितलेलं माझ्या ध्यानात राहत नाही. मी म्हणलं देतो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण दोन ओळी म्हणजे काय मोठं. डिसेंबरात मागितलेल्या ओळी, आता मे संपत आला. मॅडम जिन्यात भेटल्या की फक्त हसतात. त्यांना वाटत असेल म्हातारा विसरला. विसरलो नाही. दोन ओळीत मावत नव्हतं.

तर मॅडम, पहिला गुण. कॅमेरा हलका आहे. हे मी सांगतो त्याला किंमत द्या, कारण ओझं मला कळतं. मिसरूड फुटायच्या आधी सातारकडनं आलो, तेव्हापासून कांदा-बटाट्याची पोती वाहिली. आधी मुंबईत, मग मार्केट वाशीला आलं तसा मीही वाशीला आलो. पोतं पाठीला टेकलं की आतला माल ओला का सुका ते न उघडता सांगायचो. हा कॅमेरा भाकरीच्या डब्यापेक्षा हलका. पिशवीत खाली डबा, त्यावर टॉवेल, टॉवेलात कॅमेरा, असा आम्ही न्यायचो. बसमध्ये कुणाला संशयसुद्धा यायचा नाही. खाडीवर येणाऱ्या साहेबलोकांच्या गळ्यात तोफा असायच्या, तोफा ठेवायला तीन पायाचे घोडे, ते वाहून माणसं वाकलेली. बायको त्यांच्याकडं बघून म्हणायची, "ह्यांना कुणी हमालीला लावलंय का ओ?"

पण हलकेपणाची दुसरी बाजूही सांगतो. माझी बोटं पोत्याच्या कानाला धरून जाड झालेली. कॅमेरा एवढा लहान की एक बटण दाबायला गेलो की शेजारचं पण दाबलं जायचं. आणि लांबची काच लावली की सगळं वजन पुढं जातं. बोजा पुढं झुकला की हमाल तोंडावर पडतो, तशातली गत. डावा हात काचेच्या खाली घालून तोलायला लागतो. पहिले पंधरा दिवस माझे सगळे पाव्हणे एका अंगाला कललेले आले. बायको म्हणाली, वारं लई सुटलं व्हतं वाटतं.

आता तिचं नाव सांगतो. हौसाबाई. माहेरी हौशी. मी हौशे म्हणायचो, चारचौघात नुसतं अगं. तिनं मला आयुष्यात नावानं हाक मारली नाही, अवं एवढंच.

कॅमेरा आमच्या सुवर्णानं घेतला. सुवर्णा म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, तळोज्याला कंपनीच्या लॅबमध्ये आहे, जवळच कामोठ्यात राहते. मी काम सोडल्यावर घरी बसून आईशी भांडतो हे तिच्या लक्षात आलं. आबांच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे म्हणून आम्हा दोघांना वाशीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार बोलका होता. आरसा नसलेला कॅमेरा म्हणजे काय, त्याचा आवाज का होत नाही, सगळं सांगितलं. मला अर्धं कळलं. शेवटी तो म्हणाला, काका, हा धंदेवाल्यांचा नाही, हौशीचा कॅमेरा आहे. मी बायकोकडं बोट करून म्हणलं, मग बांधा, हौशी हीच. त्याला काही कळेना. तो बिचारा परत समजवायला लागला की हौशी म्हणजे ज्याला आवड आहे असा. मी म्हणलं, अहो आवड असो नसो, नाव तेच आहे. सुवर्णा हसून हसून काउंटरला टेकली. हौसानं पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते.

त्या दिवसापासून तो हौशीचा कॅमेरा झाला. फोटो मीच काढायचो. पण कुणी विचारलं तर ती म्हणायची, माझा हाय, हे नुसते धरतात.

आणि खोटं नव्हतं ते. तिनं पंचवीस वर्षं मसाला मार्केटात मिरचीचे देठ खुडले. बायका ओळीनं बसायच्या, समोर लाल ढीग, तोंडाला फडकं. मिरचीच्या त्या खाटानं, तिखट धुरळ्यानं, डोळे सदा पाणावलेले. म्हातारपणी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा काढायचा राहिला. खाडीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी म्हणलं, बघ किती आलेत. ती बघत राहिली आणि म्हणाली, मला नुसतं गुलाबी फडकं वाळत घातल्यासारखं दिसतंय. मग मी लांबची काच लावलेला कॅमेरा तिच्या डोळ्याला दिला.

मॅडम, त्या बघायच्या भोकाच्या बाजूला एक बारीक चाक असतं. चष्म्याचा नंबर असतो तसं ते फिरवून आपल्या डोळ्याला जमवून घ्यायचं. दुकानदारानं सांगितलेलं मी विसरलो होतो. हौसाच्या नखाला ते आपसूक लागलं. देठ खुडणारं नख ते. तिनं फिरवलं, थांबली, अजून थोडं फिरवलं. मग डोळा काढायचं नावच नाही. मी म्हणलं काय झालं. ती म्हणाली, "अवं, त्यांचं गुडघं उलटं हायत."

मला हसू आलं. आख्खी दुनिया रंग बघते, हिला गुडघे दिसले. मग ती सांगत सुटली. चोच वाकडी हाय, पाण्यात उलटी घालून खातात. एकजण नुसता उभा हाय एका पायावर, शाळेत शिक्षा केल्यागत. त्यो पांढरा हाय त्यो पिल्लू असणार. मला त्यातलं काही साध्या डोळ्यानं दिसत नव्हतं. माझे डोळे चांगले असून मी तिच्या तोंडनं बघत होतो.

तिच्याकडनं कॅमेरा परत घेतला की मला सगळं धूसर. चाक तिच्या नंबरावर गेलेलं. मी परत फिरवायचो, तोवर पाखरू उडालेलं असायचं, मग मी तिच्यावर ओरडायचो. हे रोजचं होतं.

आता दुसरा दोष, हा नीट वाचा. या कॅमेऱ्यात नुसतं बघितलं तरी बॅटरी खर्च होते. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असायचा, त्यातनं दिवसभर बघा, काही संपत नाही. यात आतमध्ये बारका टीव्ही आहे, डोळा लावला की चालू. त्याचा गुण असा की फोटो काळा येणार का पांढरा फटक येणार ते बटण दाबायच्या आधीच दिसतं, नवशिक्याला लई सोयीचं. पण बघण्यालाही बॅटरी लागते. आमची एक बॅटरी होती. हौसा डोळा लावून बसली की दीड-दोन तासात लाल खूण यायला लागायची, आणि भरती येऊन पाव्हणे काठाजवळ सरकायचे ते नेमके त्यानंतर. मी काय करायचो? मी म्हणायचो, पुरे कर आता, नुसतं बघून बॅटरी खातेस. फोटोला ठेव काहीतरी.

ती लगेच कॅमेरा द्यायची. वाद घालायची नाही. पदरानं काच पुसून द्यायची, ते पण मला चालायचं नाही, काचेला चरे पडतात म्हणून.

फोटो काय करायचे होते मला? दोन हजारांवर फोटो आहेत पाव्हण्यांचे. सगळे सारखे. एकाचा दुसऱ्याशी फरक सांगा म्हणलं तर मला येणार नाही. सुवर्णा म्हणाली होती दुसरी बॅटरी आणून देते. मी म्हणलं कशाला, एकीत भागतंय. भागत कुणाचं होतं, माझं.

खाडीचा एक वास असतो. चिखलाचा, मिठाचा, कुजल्यासारखा. लोक नाक धरून चालतात तिथनं. हौसाला तो आवडायचा. मिरचीच्या खाटाहून बरा म्हणायची. सकाळी साडेसहाला आम्ही बसनं उतरून मागच्या पायवाटेनं काठावर जायचो. समोर उंच इमारती, पाण्यात त्यांची उलटी सावली, त्या सावलीत पाव्हणे चरायचे. वरनं विमान गेलं की सगळ्यांच्या माना एकदम वर. आम्ही बांधावर बसकुर टाकून बसायचो, ती माझ्या उजव्या बाजूला, एवढी जवळ की तिच्या खोकल्यानं माझा कॅमेरा हलायचा. खोकला जुनाच होता. मार्केटातल्या सगळ्या बायकांना असतो. मी म्हणायचो फोटो काढताना तरी खोकू नकोस. ती पदर तोंडात कोंबायची.

शिवरात्र झाली तसं ऊन चढायला लागलं आणि खोकल्याबरोबर धापही यायला लागली. बसमधनं उतरून काठापर्यंत ती दोनदा थांबायची. मी पुढं जाऊन जागा धरायचो. चांगली जागा गेली असती ना.

शेवटी छाती भरली म्हणून दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटत होतं तिला. म्हणाली, कॅमेरा आणा की उद्या, इथल्या खिडकीतनं लांबचं झाड दिसतंय, त्यावर कसलं घरटं हाय ते बघते. मी म्हणलं, इथं कशाला, कुणी उचलून नेला म्हणजे? ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी आणला असता तरी तिला तो उचलवला नसता. हे मी स्वतःला सांगतो. पण आणला नाही हे खरं.

तेराव्याला लावायला घरात तिचा एक धड फोटो नव्हता. लग्नातला होता तो गावाकडच्या घरात वाळवीनं खाल्ला. सुवर्णाच्या लग्नातले आहेत त्यात ती सगळीकडं पाठमोरी, कुणाला तरी वाढतेय. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. तो फोटो काढताना त्या मुलीनं हिला डोक्यावरचा पदर काढायला लावला होता आणि हसू नका म्हणून सांगितलं होतं. त्यात ती चोरीच्या आळावरनं धरल्यासारखी दिसते. वर्षभर मी त्या फोटोला हार घालत आलो आणि रोज वाटायचं, ही कुणी दुसरीच बाई आहे. सुवर्णाला तर बघवायचंच नाही. ती म्हणाली, आबा, वर्षश्राद्धाला तरी हा फोटो नको. तुम्ही दोघं सहा महिने रोज कॅमेरा घेऊन हिंडलात, त्यात आईचा एक तरी असेलच. शोधा.

मॅडम, हा तिसरा दोष. खरं म्हणजे हा कॅमेऱ्याचा नाही.

दोन काचा मिळाल्या होत्या. एक लांबची, एक जवळची, बुटकी, चहाच्या कपाएवढी. बटण दाबून वळवली की टक करून निघते, दुसरी लावायची. याच्यासाठीच लोक हा कॅमेरा घेतात, मोबाईलमध्ये हे होत नाही. दुकानदारानं दोनदा बजावलं होतं, काका, काच बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा, आणि वाऱ्यात बदलू नका, आत धूळ बसली की प्रत्येक फोटोत ठिपका येतो. धूळ मला नवी नाही. मार्केटात रिकामी पाटीसुद्धा आम्ही पालथी ठेवतो. मी त्याचं इतकं मनावर घेतलं की लांबची काच घरी देवासमोर बसून एकदा लावली ती लावली. खाडीवर वारा कधी नसतो? जवळची काच स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून, फडताळात मसाल्याच्या डब्यांमागं. हौसानंच ठेवली होती. सबंध हंगामात तो डबा उघडला नाही.

लांबच्या काचेला जवळचं दिसत नाही. हात-दीड हातावरचं माणूस तिला माणूस म्हणून कळतच नाही, नुसता रंग कळतो. पलीकडच्या काठावरच्या पाव्हण्याचा डोळा मोजून घ्या, पण शेजारी बसलेल्या बायकोचं तोंड म्हणजे धुकं. दोन-तीनदा मी वळून तिच्यावर धरला होता. कॅमेरा आतल्या आत गुरगुरला, पुढंमागं झाला, काही जमलं नाही. मी म्हणलं, जाऊ दे, घरी गेल्यावर जवळची काच लावून काढू. घरी गेल्यावर भाकरी असायची, बातम्या असायच्या.

फाल्गुनात एका सकाळी कपाटातनं कॅमेरा काढला. दहा महिन्यांत हात लावला नव्हता. बॅटरी चार्ज केली आणि सवयीनं डोळा लावला, तर सगळं धूसर. चाक तिच्या नंबरावर होतं. शेवटी तिच्याच डोळ्याला होता तर. मी चाकाला बोट लावलं आणि काढून घेतलं. मागच्या पडद्यावरच फोटो बघायला लागलो. अजूनही मागच्या पडद्यावरच बघतो.

सात दिवस लागले. पाव्हणे, पाव्हणे, पाव्हणे. एक बगळा. बांधावरचं कुत्रं. परत पाव्हणे. कुत्र्याचे चार फोटो आहेत मॅडम, चांगले, कारण कुत्रं लांब बसलं होतं.

मग एक माझाच लागला. मी तर स्वतःचा काढलेला नाही. तिनंच दाबलं असणार बटण, कळून का न कळून देव जाणे. मी चहावाल्याकडनं येतोय, दोन्ही हातात कप, आणि माझं तोंड उघडं. बघताक्षणी ओळखलं मी काय बोलत होतो ते. कॅमेरा बंद कर म्हणत होतो. कपाळाला आठ्या, दात दिसतायत, मानेची शीर फुगलेली. लख्ख आलाय फोटो, अगदी चहाची वाफसुद्धा. सहा महिने ती त्या कॅमेऱ्यातनं काय काय बघायची ते मी रोज ऐकत होतो. हे तिनं कधी सांगितलं नाही.

तो फोटो बघून दुसरी गोष्ट डोक्यात आली. मी लांब होतो म्हणून लख्ख आलो. काच बदलायची गरजच नव्हती. मी उठून वीस पावलं मागं गेलो असतो आणि तिला हाक मारली असती तर झालं होतं. चहाला रोज तेवढं जातच होतो.

सुवर्णाला फोन केला की नाही सापडला. ती म्हणाली, अस्पष्ट असला तरी चालेल आबा, थोडा तरी. तेव्हा मला आठवलं, आणि मी फोन ठेवून दिला.

अस्पष्ट होते. पुष्कळ होते. ते मी पुसले.

त्याचं असं. आमच्याकडं कवळ्या फळाला बोट दाखवत नाहीत. काकडीच्या, भोपळ्याच्या कळीकडं सरळ बोट केलं की ती कुजते म्हणतात, दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. हौसा पाव्हण्यांनापण तसंच दाखवायची. मी म्हणायचो ते काय भोपळे आहेत? ती म्हणायची, एवढ्या लांबनं आलेत, उगं कशाला आपली बाधा. मी फोटो काढत असलो, आणि तिला काही वेगळं दिसलं, एखादा पंख उघडून लाल दाखवणारा, की तिचा हात माझ्या काचेपुढं यायचा. मुडपलेलं बोट. अवं, तकडं. फोटोत खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग आणि हिरव्या बांगड्यांचा ओघळ. घरी आल्यावर खुर्चीत बसून मी खराब फोटो पुसायचो आणि हिला ऐकवायचो, परत तुझं बोट मधी, नासवलास फोटो. एकदा चुलीपुढनं, म्हणजे गॅसपुढनंच ती म्हणाली, "नासला तर नासला. तुम्ही पाखरू बघितलंत न्हवं?"

मी बघितलेलं नसायचं. मी बटणाकडं बघत असायचो.

तसे तीस-चाळीस तरी पुसले असतील. नीट पुसले, एक-एक, खात्री करून.

एवढं कळल्यावर मी कार्ड परत पहिल्यापासून बघितलं, आणि एक सापडला. त्या दिवशी बॅटरी संपलेली, म्हणून पुसायचा राहिला आणि नंतर ध्यानातनं गेला असणार. पाव्हण्यांची ओळ लांब, सकाळचं पाणी, आणि उजव्या कोपऱ्यातनं तिचा हात वर आलेला. धुक्यातला हात. पण बोट मुडपलंय हे कळतं. हिरवंही कळतं.

सुवर्णा दुसऱ्या दिवशी आली. मी पडदा तिच्यासमोर धरला. तिनं बघितलं, मोठं करून बघितलं, परत लहान केलं. म्हणाली, आबा, लोक काय म्हणतील, आईच्या जागी पाखरांचा फोटो लावला म्हणून? मी म्हणलं म्हणू देत. मग ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली ती म्हणाली, मोठी प्रिंट काढू.

फ्रेमवाल्याचं दुकान कोपरखैरण्यातच आहे. प्रिंट बघून तो खूश झाला. म्हणाला, काका, पक्षी काय मस्त आलेत, तेवढा कोपऱ्यातला डाग कापून टाकतो, एकदम कॅलेंडरसारखा होईल. मी म्हणलं, डाग ठेव, जागा पुरत नसली तर पक्षी काप. त्यानं सुवर्णाकडं बघितलं. सुवर्णा म्हणाली, आबा सांगतात तसं करा.

मॅडम, तुमचं राहिलंच की. घ्या कॅमेरा. नवशिक्याला चांगला आहे, शिकाल तसा तो वाढतो. दोन बॅटऱ्या घ्या, एकीत भागवू नका. हाताला नीट बसतो का ते दुकानात धरून बघा. धुळीला भ्या, पण माझ्याएवढं भिऊ नका. ठिपका आला तर पुसून मिळतो म्हणे, पैसे घेऊन पुसून देतात. ही गोष्ट मला सुवर्णाकडनं परवा कळली. इतकं साधं होतं.

परवा वर्षश्राद्ध झालं. आधारचा फोटो उतरवला, त्या खिळ्याला ही फ्रेम लावली, हार घातला. माणसं जेवायला आली ती फ्रेमकडं बघायची, मग माझ्याकडं, मग ताटाकडं. गावाकडनं आलेला माझा चुलतभाऊ बाहेर कुणाला तरी म्हणाला, म्हातारा खचलाय. कांबळे मॅडमही आल्या होत्या, त्या फोटोपुढं हात जोडून जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या, पण त्या भल्या बाई आहेत, त्यांनी आधारच्या फोटोलाही तसेच जोडले असते.

सगळ्यात शेवटी अक्का आली. अक्का म्हणजे हौसाची थोरली बहीण, कोरेगावकडं असते, ऐंशीच्या पुढं आहे. एसटीनं उशीर झाला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. नातवाचा हात सोडून ती भिंतीपाशी गेली, चष्मा वर केला, खाली केला, तोंड अगदी काचेला लागेपर्यंत जवळ नेलं. मला वाटलं आता विचारणार, हौशीचा फोटो कुठाय म्हणून. मी काय उत्तर द्यायचं ते जुळवत होतो.

अक्कानं हात वर केला आणि फ्रेमच्या त्या कोपऱ्यावर ठेवला.

"काय दावतीस गं, हौशे," ती म्हणाली. "कुणाला दावतीस एवढं?"

मी अक्काच्या मागंच उभा होतो.

"मला," मी म्हणलं.